पाच स्टार, तीन अकाउंट आणि माझी एक चुकलेली बातमी

पोस्ट मोठी आहे. घरातलं पोरगं-पोरगी इंजिनिअरिंगला असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर पुढे सरका, राग नाही.

तीन आठवड्यांपूर्वी याच वॉलवर आणि आमच्या पेपरच्या तालुका पानावर मी एक बातमी टाकली होती. आपल्या शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्याने ऑनलाइन कोडिंग स्पर्धांमध्ये 'फाइव्ह स्टार' मिळवले. सोबत फोटो. शाल, श्रीफळ, मधे मुलगा, दोन्ही बाजूंना पदाधिकारी आणि त्यांच्या मागे टाचा उंच करून उभे असलेले आणखी सात-आठ जण. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यात मुलाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. ते आपल्याकडे नेहमीचंच.

बातमी चांगली चालली. लाइक आले, शेअर झाली, मुलाच्या गावाकडच्या लोकांनी फोन करून आभार मानले. आणि त्याच रात्री साडेअकराला एका मुलीचा मेसेज आला. त्याच कॉलेजातली. तिचे वडील माझ्या ओळखीचे, म्हणून ती मला काका म्हणते.

"काका, बातमी छापण्याआधी हे स्टार येतात कुठून ते कुणाला विचारलंत का? माझे तीन स्टार आहेत. दीड वर्ष लागलं. माझ्या वर्गात मला सोप्यातला सोपा प्रोग्राम विचारणाऱ्या मुलांना चार-चार स्टार आहेत. एकेकाची तीन-तीन अकाउंट आहेत. तुम्ही आमच्या कॉलेजची जाहिरात केलीत."

खरं सांगतो, मी विचारलं नव्हतं. कॉलेजने प्रेसनोट पाठवली, मी वरचा 'महोदय' काढून छापली. इतकी वर्षं पत्रकारिता करून हेच केलं. तेव्हा या पोस्टमधला पहिला आरोपी मीच. पुढचं आता वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्या मुलाची बातमी केली त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काहीही पुरावा नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच, कारण या सगळ्यात सगळ्यात जास्त भरडला गेलाय तो तोच.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. मलाही समजायला आठवडा लागला, तेव्हा लाजायचं काही कारण नाही.

कोडशेफ नावाची आपल्या भारतातली वेबसाइट आहे, २००९ पासून चालू आहे. कोडफोर्सेस ही रशियातली, साराटोव्हच्या माइक मिर्झायानोव यांनी उभी केलेली. लीटकोड अमेरिकेतली. यांच्यावर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्पर्धा होतात. कोडशेफची बुधवारी रात्री असते, दोन तास. गणितासारखे प्रश्न येतात. त्याचं उत्तर म्हणजे प्रोग्राम. तो पाठवला की मशीनच त्याला वेगवेगळे आकडे देऊन तपासतं आणि बरोबर की चूक ते लगेच सांगतं. पैसे लागत नाहीत, क्लास लागत नाही. जुना लॅपटॉप आणि नेट असलं की झालं. आपल्या तालुक्यातला पोरगा आणि जपानमधला पोरगा एकाच यादीत येतो. मला तर ही कल्पनाच फार आवडली.

प्रत्येक स्पर्धेनंतर रेटिंग बदलतं. ही पद्धत मूळची बुद्धिबळातली, आर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवलेली. तुमच्यापेक्षा तगड्यांना मागे टाकलंत तर रेटिंग वर जातं, कच्च्यांच्या मागे राहिलात तर खाली येतं. कोडशेफवर १६०० झाले की तीन स्टार, १८०० ला चार, २००० ला पाच, २५०० ला सात. तीन ते चार हे अंतर ऐकायला लहान वाटतं, पण त्यात कित्येक मुलांची वर्षं जातात.

आणि या सगळ्यावर सुपरव्हायझर कोण? कुणीही नाही. घरी बसा, होस्टेलला बसा, गच्चीवर बसा. शेजारी कोण बसलंय, मोबाइलवर काय उघडलंय, कोण बघणार? कारण मुळात ही तालीम आहे. तालमीत पैलवान जोर मारतो तेव्हा पंच मोजायला बसत नाही. खोटे जोर मोजले तर नुकसान त्याचंच. या भरवशावर या साइट उभ्या आहेत.

आता अकाउंटचं बघू. एक माणूस, एकच अकाउंट हा साधा नियम आहे. कोडफोर्सेसच्या नियमांत तर स्पष्टच आहे की एका स्पर्धेत दोन अकाउंटांनी उतरायचं नाही, सापडलात तर बाद. मग जास्तीची अकाउंट कशाला लागतात?

हे मला दुसऱ्याच एका मुलाने समजावलं, शेवटच्या वर्षाच्या. त्याची स्वतःची तीन आहेत. चहा पिता पिता त्याने इतक्या सहज सांगितलं की मला आधी वाटलं थट्टा करतोय.

या स्पर्धांत चुकीचं उत्तर पाठवलं की दंड असतो. आयसीपीसी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाला २० मिनिटं वाढतात, फक्त तो प्रश्न शेवटी सुटलेला असला पाहिजे. म्हणून उत्तर पाठवण्याआधी विचार करावा लागतो, कागदावर दहा आकडे घालून बघावे लागतात. यालाच तर कौशल्य म्हणायचं. हा पठ्ठ्या काय करतो, आधी दुसऱ्या अकाउंटवरून पाठवतो. चुकलं तर दंड त्या अकाउंटला. बरोबर आलं की थोडा वेळ थांबून, नावं-बिवं बदलून खऱ्या अकाउंटवरून पाठवतो. पाण्यात काठी घालून खोली बघायची आणि मग म्हणायचं, मी डोळे मिटून उडी मारली.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट. तिन्ही अकाउंटांवरून आलटून-पालटून स्पर्धा द्यायच्या. ज्याचं रेटिंग चढत गेलं ते 'माझं'. जी पडली ती टाकून द्यायची, नवीन उघडायची. मुलगा म्हणाला, "सर, यात चोरी कुठली? प्रश्न तर मीच सोडवतो ना."

मी त्याला म्हटलं, बाबा, दहावीला तीन नावांनी बसायचं, ज्या नावाला जास्त मार्क पडले तेवढीच मार्कशीट फ्रेम करायची आणि बाकीच्या दोन चुलीत घालायच्या, याला तू काय म्हणशील? रेटिंगला अर्थ येतो तो वाईट दिवसही त्यात धरले जातात म्हणून. तुझा वाईट दिवस तू दुसऱ्याच्या नावावर टाकलास. तुझ्याबरोबर त्याच रात्री जी मुलगी तापात बसली आणि जिचे चाळीस पॉइंट गेले, तिने ते सोसले. ती आता यादीत तुझ्या खाली आहे.

तो हसला. "सगळेच करतात सर."

तिसरी तऱ्हा तर आपल्याला ओळखीचीच. डमी. एक हुशार सीनियर, पाच ज्युनिअरची अकाउंट. किंवा एकाने सोडवायचं आणि व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकायचं. मग बाकीच्यांनी त्यातल्या व्हेरिएबलची नावं बदलायची, मधे चार बिनकामाच्या ओळी घालायच्या, दोन फंक्शन खालीवर करायचे आणि पाठवायचं. स्पर्धा चालू असतानाच हे होतं. बारावीच्या पेपरला शाळेच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे तुम्हाला आठवत असतील. आता भिंतीवर चढायचे कष्ट गेले एवढंच.

कोडफोर्सेसवर आणखी एक अजब प्रकार होऊ शकतो. तिथल्या काही स्पर्धांत दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक शोधून दाखवली की १०० गुण मिळतात, याला ते 'हॅक' म्हणतात. आता तुमचंच दुसरं अकाउंट तुमच्याच गटात आलं, त्याने मुद्दाम चुकीचा प्रोग्राम पाठवला आणि तुम्ही तो 'शोधून' काढला तर? स्वतःच्याच घरी घरफोडी करून स्वतःच चोर पकडल्याचं बक्षीस घ्यायचं. हे ऐकून मला खरंच हसू आलं. एवढं डोकं अभ्यासात घातलं तर काय हरकत आहे?

आणि आता एआय. सप्टेंबर २०२४ मध्ये मिर्झायानोव यांना नियमच काढावा लागला की स्पर्धा चालू असताना प्रश्न एआयला देऊन उत्तर घ्यायचं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओपनएआय कंपनीने सांगितलं की त्यांच्या ओ-थ्री या मॉडेलचं कोडफोर्सेसवरचं रेटिंग २७२७ च्या बरोबरीचं आहे. तिथे २४०० ला ग्रँडमास्टर म्हणतात. म्हणजे आता हुशार सीनियर शोधायचीही गरज उरली नाही. ग्रँडमास्टर खिशात आहे. अशा काळात घरी बसून मिळवलेल्या स्टारला कुणी प्रमाणपत्र मानत असेल तर तो एक तर भोळा आहे किंवा त्याला ते सोयीचं आहे.

कोण भोळा आणि कुणाला सोयीचं, ते आता सांगतो.

या कॉलेजात एक परिपत्रक आहे. मी वाचलंय. अमुक इतके स्टार असतील तर अंतर्गत गुणांत इतके गुण. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्यांच्या यादीत नाव जायचं असेल तर किमान चार स्टार. म्हणजे तालमीतले जोर थेट नोकरीच्या दाराला बांधून टाकले. आणि ते मोजायचे कसे? मुलाने गूगल फॉर्ममध्ये आपल्या प्रोफाइलची लिंक आणि स्क्रीनशॉट टाकायचा. झालं. प्रोफाइल त्याचंच आहे का, एकच आहे का, त्याने स्वतः सोडवलंय का, काही विचारायचं नाही.

जिथे मोजमापावर पैसा, मार्क किंवा नोकरी टांगली जाते आणि मोजणाऱ्याला खरंखोटं बघायचं नसतं, तिथे मापात पाप होणारच. बाजार समितीचा काटा आठवा. शेतकरी गप्प का बसत नाही? कारण त्याला माहीत असतं की काटा कुणाच्या ताब्यात आहे.

मी ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या सरांना भेटायला गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "अहो साहेब, शंभरात दहा-वीस पोरं करत असतील. पण निदान त्या निमित्ताने साइटवर तरी जातात. आमच्यावरही आकड्यांचं टार्गेट असतं. माहितीपत्रकात लिहावं लागतं, समिती आली की फाइल दाखवावी लागते. शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज दोनशे फोर-स्टार दाखवतं, मग आम्ही काय दाखवायचं?"

मी विचारलं, सर, एक दिवस मुलांना तुमच्याच लॅबमध्ये बसवा ना. मोबाइल बाहेर, नेट बंद, नवीन प्रश्न, दोन तास. कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि आकडा निम्म्यावर आला तर?"

मंडळी, त्या प्रश्नातच सगळं आलं. त्यांना माहीत आहे. फक्त कळून घ्यायचं नाही.

आता त्या बातमीतल्या मुलाकडे येतो. माझ्या पोस्टखाली दोन-तीन दिवसांनी कमेंट सुरू झाल्या. 'फेक स्टार', 'अकाउंट किती आहेत रे?' वगैरे. मग त्यांच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरला: याचा प्रोग्राम आणि दुसऱ्या एका अकाउंटचा प्रोग्राम, दोन्ही शेजारी-शेजारी, लाल गोल करून. 'पुरावा'. मलाही चार जणांनी पाठवला, 'साहेब, आता छापा' म्हणून.

मी छापला नाही, छापणारही नाही. कारण सांगतो.

प्रोग्राम जुळतात का हे बघायला मॉस नावाची एक प्रणाली आहे, अलेक्स एकेन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९९४ मध्ये केलेली. नावं बदलली, मोकळ्या जागा टाकल्या तरी ती फसत नाही, कारण ती प्रोग्रामचा सांगाडा बघते. पण ती बनवणारेच सांगतात की हे यंत्र फक्त सारखेपणा दाखवतं, चोरी आहे की नाही ते माणसाने स्वतः बघून ठरवायचं. कारण सोप्या प्रश्नाचं आठ ओळींचं उत्तर दोनशे मुलांचं सारखंच येणार. एकाच सरांकडे शिकलेल्या मुलांची लिहिण्याची धाटणी सारखी असते. पुस्तकातला ठरलेला भाग सगळेच जसाच्या तसा वापरतात. होस्टेलचं वायफाय एकच असतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला साठ मुलं एकाच पत्त्यावरची दिसू शकतात. आणि एक गंमत अशी की आयडीवन नावाच्या साइटवर कुणी प्रोग्राम तपासायला टाकला आणि तो 'खासगी' करायला विसरला, तर तो साऱ्या जगाला दिसतो. स्पर्धा चालू असताना कुणी तिथून उचलला तर लिहिणारा आणि उचलणारा दोघंही एकाच यादीत सापडतात. असे प्रकार झालेले आहेत, म्हणून तर कोडफोर्सेसवाले मुलांना आधीच बजावतात.

मुलाने मला फोन केला. रडत नव्हता, पण आवाज बसलेला होता. "सर, माझं एकच अकाउंट आहे. दुसरं ते कुणाचं आहे मला माहीत नाही. आयडीवनवर मी टाकत होतो, ते कुणी बघू शकतं हे मला कालच कळलं. घरी आईला लोक विचारतात की तुमच्या पोराने कॉपी केली का. सर, मला कुणीही समोर बसवा. कुठलाही प्रश्न द्या."

तो खरं बोलतोय का? छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही. तो लाल गोल काढणाराही सांगू शकत नाही. पण लक्षात घ्या, त्याची मागणी काय आहे: मला समोर बसवा. आणि त्या मुलीने मला पहिल्या रात्री काय लिहिलं होतं? त्या मेसेजची शेवटची ओळ मी मुद्दाम आता सांगतो: "एकदा आम्हाला सगळ्यांना लॅबमध्ये बसवा म्हणावं."

एक आरोप करणारी, एक आरोप सोसणारा. दोघांना एकच गोष्ट हवी आहे. नको आहे ती फक्त कॉलेजला.

म्हणून माझं भांडण तीन अकाउंटवाल्या पोरापेक्षा त्या परिपत्रकाशी जास्त आहे. पोरगा चुकतोय, शंभर टक्के चुकतोय, आणि मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण वीस वर्षांच्या पोराला तुम्ही सांगता की स्क्रीनशॉट आण आणि मार्क घेऊन जा, तिथे दारही तुम्हीच उघडं ठेवलंय. आणि तेच उघडं दार प्रामाणिक पोरालाही संशयात ढकलतं. आज त्या कॉलेजात खरे पाच स्टार असलेला मुलगा मान वर करून ते सांगू शकत नाही. खोटा माल बाजारात आला की पहिला भाव खऱ्या मालाचा पडतो, हे आपल्या हळद-मिरचीवाल्यांना विचारा.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच बोलतो.

'पुण्या-मुंबईची पोरं हेच करतात, तुम्हाला आपलीच दिसतात का?' करत असतील. करतातच. मोठमोठी माणसंही करतात. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याबरोबर मदतनिधीसाठी ऑनलाइन बुद्धिबळाचे सामने झाले, त्यात झिरोधाच्या निखिल कामथ यांनी आनंदना हरवलं आणि मग कॉम्प्युटरची मदत घेतल्याचं स्वतःच कबूल करून माफी मागितली. तो मदतीचा खेळ होता, तरी देशभर चर्चा झाली. पण पुण्यातल्या पोराकडे दुसरे दहा रस्ते आहेत. ओळखी आहेत, नावाजलेल्या कॉलेजचा शिक्का आहे. आपल्याकडच्या पोरीकडे तेवढा एक आकडा होता, ज्याला आडनाव, गाव, इंग्रजी काही लागत नाही. तो आपणच कवडीमोल करून टाकला. पुण्याचं काही गेलं नाही, आपलं गेलं.

'गरिबाच्या पोराला नोकरी मिळते ना, मग तुमच्या पोटात का दुखतं?' नोकरी मिळते का ते तर बघा. कंपनी स्टार बघून फक्त दारापर्यंत आणते. पुढे ती स्वतःची परीक्षा घेते, समोर बसवून बोलते, 'ही ओळ का लिहिली' विचारते. गेल्या हंगामात याच कॉलेजात एक कंपनी आली होती. यादी लांबलचक होती, चार स्टारवाल्यांची. कंपनीच्या स्वतःच्या फेरीनंतर बोटावर मोजण्याइतकी पोरं उरली. यंदा ती कंपनी आली नाही. का आली नाही, ते कंपनीने लेखी कळवलेलं नाही आणि मी अंदाज छापत नाही. पण यादीत चार स्टारची अट होती म्हणून तीन स्टारची ती मुलगी दारापर्यंतही गेली नव्हती, हा अंदाज नाही. तिच्या जागी जे आत गेले त्यांच्यापैकी बहुतेक हात हलवत बाहेर आले. कुणाचं भलं झालं यात?

'एवढ्या लहान गोष्टीवर एवढी मोठी पोस्ट?' लहान? शिक्षक पात्रता परीक्षेचं काय झालं आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हा आपण याच चौकात मोर्चा काढला होता, मीही होतो. ज्या पोराने वयाच्या विसाव्या वर्षी शिकून घेतलं की आकडा मिळवायचा असतो, कमवायचा नसतो, तो तिसाव्या वर्षी कुठल्या टेबलावर बसलेला असेल? कदाचित तुमच्या सातबाऱ्याच्या सॉफ्टवेअरचं काम त्याच्याकडेच असेल.

आणि आपण पत्रकार. शहरात आम्ही सहा-सात जण आहोत. गेल्या वर्षभरात कॉलेजांच्या 'घवघवीत यश' छापाच्या किती बातम्या छापल्या, मोजून बघा. त्यातली एक तरी कुणी पडताळली का? कॉलेजची प्रवेशाची जाहिरात जूनमध्ये येते, हे आम्हाला पाठ असतं. मीही त्यातलाच. जाहिरात गेली तर काय, हा विचार ही पोस्ट लिहितानाही दोनदा मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. संपादकांना दाखवली. ते म्हणाले, पेपरात नको, तुमच्या वॉलवर टाका. म्हणून इथे टाकतोय.

तर मागणी काय? फार मोठी नाही. स्टारला मार्क आणि प्लेसमेंटच्या यादीशी जोडणारं परिपत्रक मागे घ्या. मुलांना त्या साइटवर जाऊ द्या, सराव करू द्या, पडू द्या, उठू द्या. यादी करायचीच असेल तर लॅबमध्ये दोन तासांची परीक्षा घ्या आणि नंतर प्रत्येकाला दहा मिनिटं समोर बसवून त्याचाच प्रोग्राम त्याला समजावून सांगायला लावा. ज्याने लिहिलाय तो सांगेल, अडखळत का होईना सांगेल. ज्याने उतरवलाय त्याला पहिल्या 'का' लाच घाम फुटेल. यासाठी मॉस लागत नाही, आयपी पत्ते लागत नाहीत, स्क्रीनशॉट तर अजिबात लागत नाहीत. एक प्रामाणिक मास्तर आणि एक खुर्ची लागते.

आणि एक विनंती त्या ग्रुपवाल्या पोरांना. लाल गोल काढलेले फोटो फिरवणं बंद करा. संशय असेल तर लेखी तक्रार करा, साइटकडे करा, कॉलेजकडे करा, नाव घालून करा. निनावी दगड मारणाऱ्यांमध्ये तीन-तीन अकाउंटवाले किती आहेत, हे मला चहाच्या टपरीवर कळलंय. आता नावं घेत नाही.

सोमवारी सकाळी ११ वाजता मी प्राचार्यांना लेखी निवेदन देणार आहे. ती मुलगी येणार नाही, तिला पुढचं दीड वर्ष तिथेच काढायचंय आणि मी तिला येऊ नको म्हणून सांगितलंय. तो मुलगा येतो म्हणालाय, आईला घेऊन. पालकांपैकी कुणाला यायचं असेल तर गेटजवळ या, पावणेअकरापर्यंत. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यांनाही फोन केलेत, त्यातल्या दोघांनी उचलला, एक लग्नाला चाललेत, दुसरे 'बघतो' म्हणालेत. निवेदनाची पोच मिळाली की फोटो याच पोस्टखाली टाकतो.